मॅथ्यू बटलर: वकील, आमदार, घोडदळाचा जनरल, आणि हॅम्बुर्गची ती रात्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकन यादवी युद्धावर कधीही बोललो की लिंकन आणि ली यांच्यानंतर हमखास या माणसाबद्दल प्रश्न येतात. बहुतेक जण त्याच्या तुटलेल्या पायाच्या गोष्टीपासून सुरुवात करतात आणि हॅम्बुर्गपाशी येऊन थांबतात. म्हणून ही प्रश्नावली. सोप्या प्रश्नांपासून अडचणीच्या प्रश्नांकडे असा क्रम लावला आहे. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा मागच्या-पुढच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक खुलासा आधीच करतो: 'एवढ्या मोठ्या जनरलला अरेतुरे का?' असं काही जण विचारतात. इथे सगळ्यांनाच 'तो' म्हटलं आहे, लिंकन असता तर त्यालाही.

१. हा बटलर नेमका कोण? थोडक्यात सांगा.

मॅथ्यू कॅलब्रेथ बटलर. जन्म ८ मार्च १८३६, दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलजवळ. मृत्यू १४ एप्रिल १९०९, वॉशिंग्टनमध्ये. दफन एजफिल्ड या त्याच्या गावी. एकविसाव्या वर्षी वकील, चोविसाव्या वर्षी राज्याच्या विधानसभेत, अठ्ठाविसाव्या वर्षी संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सैन्यात मेजर जनरल. त्यानंतर १८७७ ते १८९५ अशी अठरा वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये. मधल्या काळात, जुलै १८७६ मध्ये, हॅम्बुर्ग नावाच्या छोट्या गावात काळ्या माणसांचं हत्याकांड झालं. त्याचं नाव त्या प्रकरणाशी कायमचं जोडलं गेलं (प्रश्न ११ ते १३).

२. न्यू ऑर्लिन्सचा कुप्रसिद्ध जनरल बटलर तो हाच ना?

नाही, आणि हा घोटाळा फार जणांचा होतो. तो बेंजामिन बटलर. तो मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे उत्तरेचा. न्यू ऑर्लिन्स ताब्यात घेतल्यावरच्या कारभारामुळे दक्षिणेत त्याला 'बीस्ट' म्हणत. गंमत म्हणजे तोही वकील, तोही राजकारणी, तोही जनरल, पण घोडदळाचा नव्हे. दोघं समोरासमोरच्या बाजूंना होते.

३. जपानची बंदरं उघडायला लावणारा कमोडोर पेरी त्याचा मामा होता, हे खरं का?

खरं आहे. १८५३-५४ मध्ये जहाजं घेऊन जपानला गेलेला मॅथ्यू कॅलब्रेथ पेरी हा त्याच्या आईचा भाऊ. भाच्याला मामाचंच पूर्ण नाव दिलं. दुसरा मामा ऑलिव्हर हॅझर्ड पेरी, १८१३ च्या ईरी सरोवरावरच्या लढाईचा नायक. आई जेन पेरी उत्तरेकडच्या ऱ्होड आयलंडची. वडील विल्यम बटलर नौदलात डॉक्टर होते आणि नंतर काँग्रेसचे सदस्य झाले. म्हणजे दक्षिणेच्या या कट्टर सेनानीचं आजोळ अस्सल उत्तरेतलं. काका-चुलत्यांकडेही पदांची कमतरता नव्हती. पिअर्स बटलर हा काका राज्याचा गव्हर्नर झाला आणि १८४७ मध्ये मेक्सिकोच्या युद्धात पडला. दुसरा काका अँड्र्यू बटलर सिनेटर होता.

४. तो वकील कसा झाला? लॉ कॉलेजात गेला होता का?

गेला नाही. त्या काळी अमेरिकेत बहुतेक जण एखाद्या जाणत्या वकिलाकडे राहून, त्याची पुस्तकं वाचून आणि त्याच्या कचेरीत काम करून कायदा शिकत. बटलर याच सिनेटर काकांकडे एजफिल्डला वाढला आणि त्यांच्याच हाताखाली शिकला. १८५७ मध्ये सनद मिळाली. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस पिकन्स यांच्या मुलीशी, मारियाशी, लग्न झालं. हे सासरे डिसेंबर १८६० मध्ये गव्हर्नर झाले, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला दक्षिण कॅरोलायनाने संघराज्यातून फुटण्याचा ठराव केला. फुटणारं ते पहिलंच राज्य. जावई त्याच साली विधानसभेवर निवडून आलेला.

५. सिनेटमध्ये समनरला काठीने मारलं त्या प्रकरणाशी बटलर घराण्याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. मे १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स समनरने गुलामगिरीविरुद्ध दोन दिवस भाषण केलं आणि त्यात गैरहजर असलेल्या अँड्र्यू बटलरची, त्याच्या बोलण्याच्या लकबीसकट, टिंगल केली. २२ मे रोजी बटलरांच्या नात्यातला प्रेस्टन ब्रूक्स हा एजफिल्डचाच काँग्रेस-सदस्य सिनेटच्या दालनात शिरला आणि बाकावर बसलेल्या समनरला त्याने काठी मोडेस्तोवर मारलं. समनरला पूर्ववत काम सुरू करायला तीनेक वर्षं लागली. दक्षिणेतून ब्रूक्सला नव्या काठ्या भेट आल्या! आपला मॅथ्यू तेव्हा वीस वर्षांचा होता. घराण्याची इज्जत राखायची तर हात उचलायचा आणि वर लोकांची शाबासकी घ्यायची, हे त्याने वर्तमानपत्रात वाचलं नाही, घरातच पाहिलं.

६. लष्करी शिक्षण नसताना घोडदळाचा अधिकारी कसा काय?

त्या काळी स्वयंसेवकांच्या तुकड्यांत जवान आपला अधिकारी मतदानाने निवडत, आणि ज्याला गावात मान त्याला मत. 'एजफिल्ड हुसार्स' ही गावची घोडेस्वार तुकडी. बटलर तिचा कॅप्टन झाला. वेड हॅम्प्टन या अतिश्रीमंत मळेवाल्याने स्वतःच्या पैशाने जी फौज उभी केली, तिच्यात ही तुकडी सामील झाली. ऑगस्ट १८६२ मध्ये तो दुसऱ्या दक्षिण कॅरोलायना घोडदळाचा कर्नल होता.

घोड्यांची व्यवस्था मराठी वाचकाला चटकन समजेल. उत्तरेचा स्वार हा बारगीर: घोडा सरकारी. दक्षिणेचा स्वार शिलेदार: घोडा त्याचा स्वतःचा, सरकार त्याच्या वापराचे दिवसाला ४० सेंट देणार. घोडा लढाईत मेला तर भरपाई मिळे. आजाराने किंवा उपासमारीने मेला तर मात्र ज्याचा त्याने नवा आणायचा. नाही मिळाला तर पायदळात रवानगी. त्यामुळे घोडा आणायला रजेवर घरी गेलेल्या स्वारांची संख्या नेहमीच मोठी असे. व्हर्जिनियातून दक्षिण कॅरोलायनाला जाऊन यायचं म्हणजे आठवडे मोडत. हा एक मुद्दा लक्षात ठेवला की युद्धाच्या शेवटी दक्षिणेचं घोडदळ का रोडावलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

७. पाय कसा गेला? एकाच गोळ्याने दोन माणसं आणि दोन घोडे, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. ९ जून १८६३, व्हर्जिनियातलं ब्रँडी स्टेशन. दोन्ही बाजूंचे मिळून वीसेक हजार लोक होते, आणि अमेरिकेच्या भूमीवरची घोडदळाची ही सर्वांत मोठी लढाई. मुख्य लढाईपासून काही मैलांवर स्टीव्हन्सबर्गच्या रस्त्यावर बटलर आपल्या दोनेकशे स्वारांनिशी उत्तरेचा अख्खा डिव्हिजन अडवून धरत होता. हॅम्प्टनचा धाकटा भाऊ फ्रँक तिथेच जखमी होऊन मेला.

बटलर आणि विल फार्ली नावाचा कॅप्टन घोड्यांवर शेजारी शेजारी, विरुद्ध दिशांना तोंडं करून बोलत उभे होते. तोफेचा गोळा जमिनीवर आपटून उसळला. त्याने बटलरचा उजवा पाय घोट्यावर तोडला, दोन्ही घोड्यांच्या अंगातून तो आरपार गेला आणि फार्लीचा पाय गुडघ्यापाशी घेऊन गेला. बटलरने मदतीला आलेल्यांना आधी फार्लीकडे पाठवलं, आणि फार्लीने आपला तुटलेला पाय मागून घेऊन 'जुना दोस्त आहे, सोडवत नाही' अशा अर्थाचं काही म्हटलं, अशी आठवण त्याच्या सोबत्यांनी सांगितली आहे. फार्ली त्याच दिवशी गेला. बटलर वाचला, आणि सप्टेंबरात ब्रिगेडियर जनरल झाला.

८. एक पाय नसताना पुन्हा घोड्यावर कसा बसला? आणि घोडदळ पायी का लढायचं?

कृत्रिम पाऊल लावून बसला. १८६४ च्या मे महिन्यात तो नवी ब्रिगेड घेऊन व्हर्जिनियात परतला. दक्षिण कॅरोलायनाच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या घोडदळाच्या या ब्रिगेडकडे आखूड कार्बाइनऐवजी लांब एनफिल्ड रायफली होत्या. त्या घोड्यावरून धड भरता येत नाहीत, पण खाली उतरून आडोशाला बसलं तर पल्ला लांब. तेव्हा घोडा फक्त पोचण्यापुरता, लढाई जमिनीवर. दर चार स्वारांतला एक जण चार घोडे धरून मागे उभा राहायचा, म्हणजे पाव ताकद तशीच वजा.

११ आणि १२ जून १८६४ ला ट्रेव्हिलियन स्टेशनपाशी हे दिसलं. पहिल्या दिवशी उत्तरेचा कस्टर (हो, तोच, पुढे लिटल बिगहॉर्नला मेलेला) चोहोबाजूंनी वेढला गेला आणि कसाबसा सुटला. दुसऱ्या दिवशी हॅम्प्टन सगळ्या घोडदळाचं नेतृत्व करत होता, म्हणून त्याचा डिव्हिजन बटलरकडे आला. रेल्वेच्या भरावाच्या आडून त्याच्या लोकांनी उत्तरेच्या शेरिडनच्या फौजेचे सात हल्ले परतवले. शेरिडन मागे फिरला. लष्करी कसब म्हणून बघायचं तर बटलरच्या आयुष्यातला हा सर्वांत चांगला दिवस, आणि तो शौर्याने लढला यात मला शंका नाही. शौर्य कशासाठी खर्च झालं हा निराळा प्रश्न आहे, आणि तो त्याच्या काळातही विचारला जात होता. सप्टेंबरात तो मेजर जनरल झाला.

९. कोलंबिया शहर त्याच्या स्वारांनी जाळलं का?

राज्याची राजधानी कोलंबिया १७ फेब्रुवारी १८६५ च्या रात्री जळाली. त्या दिवशी सकाळी बटलरचं घोडदळ शहरातून शेवटी बाहेर पडलं आणि उत्तरेच्या शर्मनची फौज आत आली. शर्मनने दोष हॅम्प्टनवर टाकला: जाताना रस्त्यावर कापसाच्या गासड्या पेटवल्या म्हणून. हॅम्प्टनने तो शर्मनच्या दारूड्या सैनिकांवर टाकला. गासड्या रस्त्यात होत्या, वारा सोसाट्याचा होता, दारू भरपूर होती. या तिन्ही गोष्टी कोणी नाकारत नाही.

१०. हरल्यावर त्याला तुरुंगात का टाकलं नाही? पुढे पोट कसं भरलं?

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जॉन्स्टनच्या सैन्याने शरणागती पत्करली. सैनिक पुन्हा लढणार नाही असा शब्द देऊन घरी गेले. बटलर एजफिल्डला परतला आणि पुन्हा वकिली करू लागला. आपल्या तेव्हाच्या अवस्थेची त्याने स्वतः केलेली यादी प्रसिद्ध आहे: वय एकोणतीस, एक पाय गेलेला, बायको आणि तीन मुलं, मुक्त झालेले सत्तर गुलाम, पंधरा हजार डॉलरचं कर्ज आणि खिशात पावणेदोन डॉलर.

ही यादी वाचून पुष्कळांना गहिवरून येतं. मी मात्र चौथ्या रकमेपाशी थांबतो. सत्तर माणसं मोकळी झाली, हे त्याच्या वहीत नुकसानीच्या बाजूला आहे. त्या सत्तर जणांच्या खिशात त्या दिवशी पावणेदोन डॉलरही नसणार.

१८६६ मध्ये तो पुन्हा विधानसभेत आला. पण १८६८ च्या नव्या राज्यघटनेने काळ्या पुरुषांना मत मिळालं. राज्यात बहुसंख्या त्यांची होती, त्यामुळे विधानसभेच्या खालच्या सभागृहातही बहुमत त्यांचं झालं. १८७० मध्ये बटलर 'युनियन रिफॉर्म' नावाच्या पक्षातर्फे लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी, म्हणजे उपगव्हर्नरपदासाठी, उभा राहिला. काळ्यांचा मताधिकार मान्य आहे, अशी या पक्षाची भूमिका होती. पक्ष हरला. मतं मागून मिळत नाहीत असं दिसल्यावर त्याच्यासारख्यांनी दुसरा रस्ता धरला.

११. हॅम्बुर्गला नेमकं काय झालं?

हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं नव्हे. सव्हाना नदीच्या काठचं, पलीकडच्या ऑगस्टा शहराकडे बघत पडलेलं, व्यापार ओसरलेलं गाव. रेल्वेने त्याचा धंदा नेला आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी ते वसवलं. नगरप्रमुखापासून पोलिसापर्यंत कारभार त्यांचाच.

४ जुलै १८७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी. राज्याच्या नॅशनल गार्डची एक काळी तुकडी डॉक अॅडम्स या कॅप्टनच्या हाताखाली गावच्या रुंद रस्त्यावर कवायत करत होती. थॉमस बटलर आणि हेन्री गेट्झेन हे दोन गोरे तरुण शेतकरी बग्गीतून आले. बाजूने जायला जागा होती, पण त्यांना ओळींमधूनच जायचं होतं. बाचाबाची झाली, शेवटी तुकडीने वाट करून दिली. एवढंच. कोणाला ओरखडाही उठला नाही.

दुसऱ्या दिवशी थॉमसच्या बापाने, रॉबर्ट बटलरने, रस्ता अडवल्याची फिर्याद केली. न्यायदंडाधिकारी होता प्रिन्स रिव्हर्स (प्रश्न १८). सुनावणी ८ जुलैवर गेली. त्या दिवशी फिर्यादीचा वकील म्हणून मॅथ्यू बटलर आला. (आडनाव एकच असलं तरी इथे तो आला तो वकील म्हणून.) सोबतीला आसपासच्या भागातले शेकडो सशस्त्र गोरे जमले, 'रायफल क्लब'वाले. अॅडम्स कोर्टात आला नाही, जिवाच्या भीतीने. मग बटलरने मागणी केली: तुकडीने माफी मागावी आणि हत्यारं खाली ठेवून ती आपल्या हवाली करावीत.

तुकडीतली चाळीसेक माणसं रेल्वेपुलाजवळच्या एका विटांच्या इमारतीत शिरली. संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. मॅकी मेरिवेदर हा गोरा तरुण पडला. मग नदीपलीकडून तोफ आली. तोफ डागल्यावर आतले लोक मागच्या बाजूने पळाले. गावचा काळा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, जेम्स कुक पळताना मारला गेला. पंचवीस-तीस जण पकडले गेले, आणि मध्यरात्र उलटल्यावर त्यांच्यातल्या काहींना नावं घेऊन एकेक करून घोळक्यातून बाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. बाकीच्यांना 'पळा' सांगून मागून गोळीबार केला. एकंदर सहा-सात काळे मेले. घरं आणि दुकानं लुटली गेली.

१२. वकिलाला असं हत्यारं मागण्याचा काही कायदेशीर अधिकार होता का?

काडीचाही नव्हता. रायफली सरकारी, तुकडी सरकारी. ती बरखास्त करण्याचा अधिकार गव्हर्नरचा. फिर्याद होती रस्ता अडवल्याची, तिच्यात हत्यारांचा विषयच नव्हता. 'आम्ही हत्यारं गव्हर्नरकडे पाठवतो, मग तर झालं?' असं रिव्हर्सने विचारून पाहिलं, त्यालाही बटलरने दाद दिली नाही. म्हणजे ज्या माणसाने कोर्टाच्या पायरीवर पाऊल ठेवलं तो वकील होता, आणि पायरीवरून परत फिरला तो जनरल. मला विचाराल तर बटलरच्या तिन्ही पेशांचा सांधा त्या दुपारी दिसतो.

१३. त्याला शिक्षा झाली का? तो स्वतः काय म्हणायचा?

शिक्षा नाही. कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीत ९४ गोऱ्यांवर ठपका आला, त्यात बटलरचंही नाव होतं. खटला पुढे ढकलला गेला आणि सरकार बदलल्यावर मिटला. बटलरचं म्हणणं असं: मी अशिलासाठी गेलो होतो, जमावावर माझा ताबा नव्हता, आणि कैद्यांना मारलं तेव्हा मी गावातून निघून गेलो होतो. शेवटचं विधान मान्य केलं तरी प्रश्न उरतोच. हत्यारांची मागणी त्याची, आणि डिव्हिजन हाताळलेल्या माणसाला आपल्या मागे जमलेले शेकडो बंदूकवाले दिसत नव्हते, असं कसं म्हणायचं?

१४. एवढं होऊन तो वर्षभरात सिनेटमध्ये कसा गेला?

तेव्हा सिनेटर थेट निवडणुकीने येत नसत. आपल्या राज्यसभेसारखं, राज्यांच्या विधानसभा त्यांना निवडत. (हे १९१३ मध्ये बदललं.) १८७६ च्या निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा हॅम्प्टन विरुद्ध तेव्हाचा रिपब्लिकन गव्हर्नर चेंबरलेन अशी लढत होती. काळ्या मतदारांना धाकदपटशा इतका, की एजफिल्ड परगण्यात मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली. दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला, दोन विधानसभा बसल्या आणि दोघींनी आपापला सिनेटर निवडला: एकीने बटलर, दुसरीने डेव्हिड कॉर्बिन. एप्रिल १८७७ मध्ये नवे अध्यक्ष हेज यांनी राज्याच्या विधानभवनातून केंद्राचे सैनिक काढले आणि चेंबरलेनचं सरकार कोसळलं. नोव्हेंबरच्या शेवटी सिनेटने बटलरला जागा दिली. त्याच राज्याचा रिपब्लिकन सिनेटर जॉन पॅटरसन पक्ष सोडून त्याच्या बाजूने मत द्यायला उभा राहिला. पॅटरसनवर राज्यात लाचेचे खटले होते, ते पुढे थंडावले. उरलेला हिशेब वाचकांनी मांडावा.

१५. अठरा वर्षं सिनेटमध्ये केलं काय? आणि शेवटी पडला कसा?

वादग्रस्त एकच सांगतो. १८९० मध्ये त्याने असं विधेयक मांडलं की ज्या काळ्या लोकांना दक्षिण सोडून जायचं असेल त्यांना केंद्राने प्रवासखर्च द्यावा. त्यासाठी पन्नास लाख डॉलर. 'ऐच्छिक' हा शब्द त्यात होता. ते मंजूर झालं नाही.

१८९४ मध्ये त्याला बेन टिलमनने हरवलं. टिलमनही एजफिल्डचाच आणि हॅम्बुर्गलाही हजर. एकाला एक पाय नाही, दुसऱ्याला एक डोळा नाही. फरक असा, की बटलर हॅम्बुर्गबद्दल सारवासारव करायचा आणि टिलमन ते उघडपणे मिरवायचा. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना बटलरसारखे खानदानी लोक नकोसे झाले होते, आणि मिरवणारा त्यांना जास्त जवळचा वाटला.

१६. बंडखोर सैन्याचा जनरल पुन्हा अमेरिकेच्याच सैन्यात जनरल? हे कसं चाललं?

हा अपवाद खरंच गमतीचा. चौदाव्या घटनादुरुस्तीने बंडात सामील झालेल्या जुन्या पदाधिकाऱ्यांना पदबंदी केली होती. १८७२ च्या कायद्याने ती बहुतेकांवरून उठली. सैन्यातल्या नेमणुकीवर मात्र वेगळी बंदी होती, ती १८९६ मध्ये गेली. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपलं आणि अध्यक्ष मॅकिन्ली यांना दक्षिण-उत्तर एक झाल्याचं दाखवायचं होतं. चार जुन्या कॉन्फेडरेट जनरलांना त्यांनी निळा गणवेश दिला: जोसेफ व्हीलर, फिट्झह्यू ली, थॉमस रॉसर आणि बासष्ट वर्षांचा बटलर. बटलर प्रत्यक्ष लढला नाही. क्युबातून स्पॅनिश सैन्य बाहेर काढण्याच्या व्यवस्थेसाठी जो आयोग नेमला त्याचा तो सदस्य होता.

१७. मराठी माणसाने हे कशाला वाचायचं?

दोन धागे आहेत. पहिला कापसाचा. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली म्हणून लिव्हरपूलला वऱ्हाड-खानदेशचा कापूस लागला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. राजाबाई टॉवर ज्याच्या देणगीतून उभा राहिला तो प्रेमचंद रायचंद याच तेजी-मंदीतला.

दुसरा धागा जास्त जवळचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापून झाल्यावर तीनच वर्षांनी हॅम्बुर्ग घडलं.

१८. न्यायदंडाधिकारी प्रिन्स रिव्हर्सचं पुढे काय झालं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून शेवटी ठेवला. रिव्हर्स जन्माने गुलाम, ब्यूफर्टला मालकाचा गाडीवान. युद्धात मालकाचाच घोडा घेऊन तो उत्तरेच्या ठाण्याकडे पळाला आणि काळ्या सैनिकांच्या पहिल्या दक्षिण कॅरोलायना पलटणीत सार्जंट झाला. युद्धानंतर आमदार झाला आणि हॅम्बुर्गला न्यायदानाच्या खुर्चीवर बसला. नवा एकन परगणा उभारणाऱ्यांतही तो होता. ८ जुलैच्या रात्री त्याचं घरही लुटलं गेलं.

हॅम्बुर्ग पुढे पुरांनी आणि दुर्लक्षाने पुसलं गेलं. शेजारच्या नॉर्थ ऑगस्टात १९१६ मध्ये स्तंभ उभारला तो मेरिवेदरचा. मेलेल्या काळ्या माणसांची नावं दगडावर यायला २०१६ उजाडलं. रिव्हर्सचं पद १८७७ नंतर गेलं. तो एकनमध्ये पुन्हा गाडीवान झाला आणि दुसऱ्यांच्या बग्ग्या हाकू लागला. १८८७ मध्ये वारला. बटलर तेव्हा सिनेटमध्ये दुसऱ्यांदा निवडून आलेला होता.